कागद एक, सूच्या दोन

आपल्या चळवळीतील भाषणांत एक मागणी हमखास असते. मराठी मुसलमानांचा इतिहास उपेक्षित आहे, विखुरलेला आहे, तो एकत्र करून जतन केला पाहिजे. टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी तीच मागणी नवे शब्द घेऊन येते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा मी पाळण्यातून नुकताच उतरलो असेन. म्हणजे ही मागणी आणि मी जवळजवळ बरोबरीनेच वाढलो, असे म्हणायला हरकत नाही. अलीकडे तिला 'ऑनलाईन' हा शब्द जोडला गेला आहे. निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या कपाटांतले कागद संगणकावर आणावेत, सर्वांचा मिळून एक सामायिक संग्रह व्हावा आणि तो कोणालाही घरबसल्या पाहता यावा, असे आता म्हटले जाते.

या मागणीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या पोटातल्या समजुतीशी. कागद स्कॅन झाले की काम झाले, असे आपण धरून चालतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असे जे उपक्रम झाले त्यांच्याकडे टीकाकाराच्या नजरेने कोणी पाहिलेले मला दिसत नाही. कवितासंग्रहाची समीक्षा होते, कादंबरीची होते, मग दप्तराची आणि त्याच्या सूचीची का होऊ नये? सूची हेही एक लेखनच आहे. काय दिसावे आणि काय दिसू नये, हे तीच ठरवते.

दख्खनचा इतिहास तर मुळात सामायिक कागदावरच लिहिला गेला. आदिलशाही आणि निजामशाहीतली कितीतरी फर्माने व खुर्दखते द्वैभाषिक आहेत. वर फारसी मजकूर, खाली मोडी लिपीत मराठी. वरचा भाग दरबारासाठी, खालचा देशमुख, देशपांडे आणि पाटील-कुलकर्ण्यांसाठी. लिहिणारे हात दोन, शिक्का एक. पुढे हे कागद ज्याच्या हाती पडले त्याने आपल्याला वाचता येईल तेवढा अर्धा भाग वाचला. मोडी जाणणाऱ्याने मराठी भागाची नक्कल केली आणि 'वर फारसी मजकूर आहे' एवढा शेरा मारला. फारसी जाणणाऱ्याने फारसी भागाचा सारांश दिला आणि 'खाली मोडी' म्हणून सोडून दिले. असे करता करता एकाच कागदाच्या दोन सूच्या झाल्या. आज या सूच्या संगणकावर चढत आहेत आणि त्यांच्यातली भिंतही बरोबर चढते आहे.

अपवाद होते, आणि ते थोर होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी फारसीचा अभ्यास करून 'ऐतिहासिक फार्सी साहित्य'चे खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगलांची फारसी साधने मराठीत आणली. पगडींना उर्दू-फारसी शेजारघरच्यासारखी होती आणि तुकोबाही तितकेच जवळचे होते. रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिले, यू. म. पठाणांनी त्याच वाटेवर आयुष्यभर काम केले. पण ही एकेकट्या माणसांची कर्तबगारी होती. माणूस गेला की दोन कपाटांमधला दरवाजा पुन्हा बंद झाला.

कपाटे कुठे कुठे आहेत ते एकदा पाहू. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले, पण तो एकंदर दप्तराचा कणभरच. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात इनायतजंग संग्रह आहे. त्यात दख्खनच्या मोगल कारभाराचे लाखाहून अधिक फारसी कागद आहेत. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनचे कागद आहेत. ते पूर्वी औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये होते. म्हणजे मराठवाड्याच्या सतराव्या शतकावर काम करणाऱ्याला हैदराबाद, दिल्ली आणि पुणे अशी तीन तिकिटे काढावी लागतात, आणि लंडनचे नाव तर मी घेतलेलेच नाही.

हैदराबादच्या त्या कागदांतले मोठे दालन 'अर्ज-ओ-चेहरा' या प्रकाराचे आहे. मनसबदाराच्या पदरच्या स्वारांची हजेरी घेताना प्रत्येकाचे वर्णन लिहून ठेवत: नाव, बापाचे नाव, जमात, रंग, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की मोकळ्या, नाक कसे, तीळ कुठे, जखमेची खूण कुठे. मग घोडा, त्याचा रंग आणि त्याच्यावरचा डाग. खोटे स्वार दाखवून पगार खाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. इतिहासाच्या पुस्तकात 'मोगल फौज' असा एक काळा ठिपका असतो. इथे त्या ठिपक्याचे हजारो चेहरे होतात, आणि त्यांत राजपूत आहेत, अफगाण आहेत, दख्खनी आहेत, मराठेही आहेत. छायाचित्राच्या दोनशे वर्षे आधीचे हे चेहरे. मी नववीच्या वर्गात या कागदांविषयी सांगितले तेव्हा मुलांनी एकमेकांचे अर्ज-ओ-चेहरे लिहून काढले. एका मुलाने शेजारच्याच्या भुवया 'पैवस्ता' लिहिल्या. शब्द त्याला आजीकडून मिळाला होता.

अशा कागदांपर्यंत पोचण्यासाठी आजवर झालेला सर्वांत मोठा सामायिक प्रयत्न म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. २००० नंतरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'मिलियन बुक' प्रकल्पाच्या जोडीने हे काम उभे राहिले. देशभरच्या संस्थांत स्कॅनिंगची केंद्रे झाली, लाखो पुस्तके स्कॅन झाली. उर्दू, मराठी, फारसी, संस्कृत, सगळे त्यात आले. आकड्यांत पाहिले तर हे प्रचंड यश आहे.

पण त्या संग्रहात एखादे उर्दू पुस्तक शोधून पाहा. पुस्तकाचे नाव रोमन लिपीत लिहिलेले आहे, आणि ते लिहिणाऱ्याला उर्दू येत नव्हते हे पहिल्या शब्दालाच कळते. लेखकाच्या जागी प्रकाशक, प्रकाशकाच्या जागी छापखाना, सालाच्या जागी शून्य. मला हवे असलेले एक पुस्तक ज्या नावाखाली सापडले ते नाव चार वेळा मोठ्याने म्हटल्यावर माझ्या ध्यानात आले. पाने आहेत, छायाचित्र बरे आहे, आणि पुस्तक मात्र हरवलेले! ग्रंथालयात चुकीच्या फळीवर ठेवलेले पुस्तक कधीतरी कोणाच्या हाताला लागते. चुकीच्या नावाने संगणकात ठेवलेले पुस्तक कोणाच्याही हाताला लागत नाही. स्कॅनिंगवर खर्च झाला, पण पुस्तकाचे नाव नीट लिहू शकेल असा उर्दू जाणणारा माणूस नेमण्यावर झाला नाही. ज्या शाळेत मी शिकवतो तिथले दहावी पास मूलही हे काम बिनचूक करील.

पुढे काय झाले हेही बोधप्रद आहे. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. कॉपीराइटचे प्रश्न होते, आणखीही कारणे असतील. संग्रहातली लाखो पुस्तके आज वाचायला मिळतात ती कार्ल मालामूद यांच्या खटपटीमुळे इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या प्रती चढल्या म्हणून. सार्वजनिक पैशाने झालेले काम एका परक्या गृहस्थाच्या हट्टामुळे वाचले. चुकीची नावेही अर्थात त्यांच्याबरोबर वाचली.

याच्या उलट उदाहरण रेख्ताचे. संजीव सराफ यांनी २०१३ साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर एकच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिपींत वाचता येते. शब्दावर बोट ठेवले की अर्थ उघडतो. लिपीची भिंत पाडता येते, त्यासाठी भाषा पातळ करावी लागत नाही, हे रेख्ताने करून दाखवले आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. उर्दू माध्यमात न शिकलेली आपली मुले आज वली वाचतात ती या मार्गाने. शिवाय त्यांनी ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन केली आहेत, आणि ती नावानिशी सापडतात.

तरीही माझी तक्रार आहे. रेख्ताची रचना कवी, पुस्तक आणि साहित्यप्रकार यांच्याभोवती आहे, जागेभोवती नाही. मौलवी अब्दुल हक यांनी १९२१ साली औरंगाबादहून 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे बिऱ्हाड तेव्हा औरंगाबादेत होते, पुढे ते दिल्लीला गेले, १९४७ च्या दंगलीत तिथल्या संग्रहाची लूट झाली, मौलवीसाहेब कराचीला गेले. उर्दूच्या इतिहासात हे एक प्रकरण आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. पण औरंगाबादच्या इतिहासात ते कुठे आहे? त्याच शहरात त्या वर्षांत मराठी ग्रंथालये काय करीत होती, निजामी राजवटीत मराठी शाळांचे काय चालले होते, ही माहिती मराठी कपाटात. दोन्ही एका पडद्यावर शेजारी शेजारी दिसली तर दोन्हींचा अर्थ बदलतो. प्रादेशिक इतिहासाचा संग्रह म्हणतात तो याला. बाकीचे भाषेचे संग्रह झाले.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या २०१५ सालच्या संकेतस्थळाचे कौतुक मी मनापासून करतो. ज्या कागदासाठी पूर्वी दिल्लीत खोली घेऊन राहावे लागे त्यासाठी आता नोंदणी केली की पुरते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची 'ग्रंथ संजीवनी'ही चांगली आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी शोध घ्यायचा तो बहुतांशी इंग्रजीतून. मराठी कागद शोधायला इंग्रजी, फारसी कागद शोधायलाही इंग्रजी. आपल्या एखाद्या मुजावराला, मुतवल्लीला किंवा गावच्या शिक्षकाला त्याच्या गावाचे नाव १८५० च्या इंग्रज कारकुनाने कसे लिहिले असेल याचा अंदाज करीत बसावे लागते.

आणि गावाचे नाव ही आता साधी गोष्ट राहिलेली नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या खडकीचे नाव त्याचा मुलगा फत्तेखान याने फतेहनगर केले. औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले. २०२३ साली सरकारने छत्रपती संभाजीनगर केले. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. कर्नाटकात २०१४ सालीच गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपुरा झाले. या बदलांवर आपापली मते असतील, माझेही आहे, पण या लेखाचा तो विषय नव्हे. विषय असा की उद्याचा विद्यार्थी 'छत्रपती संभाजीनगर' असे लिहून शोधील तेव्हा त्याला १६१० ते २०२३ पर्यंतचा एकही कागद सापडणार नाही, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला नवा कागद सापडणार नाही. यावर उपाय कठीण नाही. प्रत्येक जागेची सगळी नावे, सगळ्या लिप्यांत, त्यांच्या सालांसह एका नोंदीत बांधून ठेवायची. कुठले नाव लिहिले तरी नोंद तीच उघडायची. माणसांचेही तसेच. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी सूच्यांत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेले आढळतात, इंग्रजीत आणखी वेगळे. शहा मुंतोजी बामणी आणि मृत्युंजय हे एकच गृहस्थ, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. सामायिक संग्रहाचे अर्धे काम हे नावांचे काम आहे आणि नेमके तेच कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात नसते.

आता व्याख्येचा मुद्दा. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या केली. किमान ७५ वर्षे जुने, हाताने लिहिलेले, ज्ञानविषयक मजकूर असलेले. शिळाछाप आणि छापील पुस्तके त्यात धरली जात नाहीत. फर्माने, महसुली कागद हे ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वेगळे काढले आहेत. पंडितांच्या दृष्टीने हा भेद बरोबर असेल. पण आपल्या घरांत काय असते ते आठवा. दादा-परदादांची शिळाछापाची उर्दू पुस्तके, कारण उर्दूची छपाई विसाव्या शतकातही मोठ्या प्रमाणावर कातिबाच्या हाताने लिहून दगडावरून होत असे. आणि दुसरी चीज म्हणजे सनद, इनामपत्र, दर्ग्याच्या तेलबत्तीचा कागद. व्याख्येच्या एका ओळीने दोन्ही बाहेर! शास्त्रग्रंथ आत, घरगुती इतिहास बाहेर. २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशन जाहीर झाले, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व जतन आणि त्यात संस्था, ग्रंथालये व खासगी संग्राहक यांचा सहभाग असे त्याचे स्वरूप सांगितले गेले. कल्पना सामायिक संग्रहाचीच आहे. पण जुनीच व्याख्या पुढे चालू राहिली तर आपली पेटी त्यात उघडली जाणार नाही.

पेटीवरून सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी शिकवतो तिथल्या एका खालांकडे पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळलेला एक कागद आहे, हे मला त्यांच्या नातवाकडून कळले. त्यांच्या सासरी एका लहानशा दर्ग्याची खिदमत आहे. मी गेलो, चहा झाला, खालांनी कागद काढला. वर फारसी, खाली मोडी. मी मोबाइल काढताच त्यांनी कागदावर हात ठेवला. "देखो सर, पढो. फोटू नक्को." मी कारण विचारले. "मोबाइल में गया तो किधर किधर जाता, किसकू मालूम? इसमें जमीन का नंबर दिखता क्या?"

शहरात बसून याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण खालांची भीती इतिहासाला धरून आहे. १८५२ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमले, घरोघरच्या सनदा तपासल्या, ज्यांना पुरावा देता आला नाही त्यांची इनामे गेली. स्वातंत्र्यानंतर इनामे रद्द करणारे कायदे आले. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने 'वापरामुळे वक्फ' ही कल्पना पुढील काळासाठी काढून टाकली आणि वक्फ मिळकतींची माहिती 'उम्मीद' या केंद्रीय पोर्टलवर भरायला लावली. त्यामुळे जुना कागद ही कोणाची ढाल झाली, तर कोणाला नको असलेला पुरावा. अशा वेळी 'तुमचा वारसा ऑनलाईन द्या' असे म्हणणाऱ्या माणसाकडे गावातली बाई संशयाने पाहणारच. तिच्या दृष्टीने कागद पाहायला येणारा प्रत्येक सुशिक्षित माणूस आजवर काहीतरी घेऊनच गेला आहे.

तेव्हा सामायिक संग्रहाचे खरे काम शर्ती ठरवण्याचे आहे, आणि यात बाहेरून शिकण्यासारखे आहे. कॅरिबियन बेटांच्या इतिहासाचा 'डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियन' हा संग्रह २००४ पासून चालू आहे. वेगवेगळ्या देशांतल्या संस्था त्यात भागीदार आहेत, तिथेही भाषा अनेक आहेत, आणि पडद्यावर इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच अशा तीन भाषांची सोय आहे. मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडे राहते, हक्कही त्याचेच राहतात. सामायिक असते ती प्रत आणि नोंद. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील दप्तरांचा कार्यक्रमही २००४ चाच आणि त्यातही मूळ कागद देशाबाहेर नेत नाहीत, प्रत स्थानिक संस्थेलाही देतात. ही शेवटची अट किती शहाणपणाची होती ते २०२३ च्या ऑक्टोबरात कळले. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक महिने तिची संकेतस्थळे व सूच्या कोलमडून पडल्या. पुढच्या वर्षी इंटरनेट आर्काइव्हवरही हल्ला झाला. आणि आपल्याकडे ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली ती संगणकाची नव्हे, हाताने झाली. एकाच जागी, एकाच्याच विश्वासावर काही ठेवू नये, मग ती जागा लंडनची असो की गल्लीतली.

गल्लीचा उल्लेख मुद्दाम केला. आपण पुण्याला, दिल्लीला नावे ठेवतो. पण आपल्या अंजुमनांची, मशिदींची, मदरशांची आणि मोहल्ल्यांतल्या वाचनालयांची कपाटे कोणी उघडली आहेत? एका जुन्या वाचनालयात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा किल्ली सदरसाहेबांकडे होती, दुसऱ्यांदा सेक्रेटरींकडे, आणि तिसऱ्यांदा कपाट उघडले तेव्हा वाळवीने आमच्या आधीच वाचन पूर्ण केले होते. सूची मागितली तर सांगितले, "सब हमारे दिमाग में है." ज्यांच्या डोक्यात होते ते गृहस्थ आता हयात नाहीत.

आणखी एक दोष, तो आम्हा लिहिणाऱ्यांचा. आम्हाला दप्तर हवे असते ते साक्षीला. मंदिराला दिलेले इनाम, शिवरायांच्या पदरचे मुसलमान सरदार, मराठीत ओव्या रचणारा सूफी, एवढे तीन पुरावे हाती लागले की आमचा शोध संपतो. ज्या हवेत आपण राहतो तिथे हे पुरावे लागतात हे मी नाकारत नाही. मीही वर्गात ते वापरतो. पण दप्तर हे वकीलपत्र नव्हे. त्यात काझी आणि खतीब यांची हक्कावरून भांडणे आहेत, पीरजाद्यांचे आपसांतले वाटे आहेत, कर्जाने बुडालेले मोमीन आहेत, विधवेचा हक्क दाबणारे दीर आहेत. ते सर्व घेतले तरच माणसे मिळतात. निव्वळ सलोख्याचे दाखले गोळा करून भरवलेल्या संग्रहात शिरणाऱ्या आपल्या मुलांना आपले पूर्वज सतत परीक्षेला बसल्यासारखे दिसतील.

हे काम करील कोण? मला वाटते, यात उर्दू माध्यमाच्या शाळांना जागा आहे, आणि हे मी नोकरीच्या प्रेमाने बोलत नाही. आमची मुले बालभारतीचे इतिहासाचे पुस्तक उर्दूत वाचतात, मराठी सक्तीने शिकतात आणि ती गल्लीत बोलतातही, घरी दखनी, मकतबात अरबी अक्षरे. फारसी त्यांना येत नाही, पण लिपी येते. मोडी येत नाही, पण ज्या भाषेसाठी ती वापरली ती येते. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे आता ती संगणकावर मोडी म्हणूनच लिहिता येते. यंत्राने जुनी अक्षरे वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण शिकस्त्यापुढे यंत्र अजून चाचपडते. तोवर नावे लिहायला, गावे ओळखायला, चुका दुरुस्त करायला माणसेच लागणार. मराठी कागदांतला शुहूर सन पाहा. तो अरबी संख्यांच्या शब्दांत लिहितात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. मराठी शाळेतल्या मुलाला हे मंत्र वाटतात. आमची मुले हसतात आणि मोजायला लागतात.

खालांच्या कागदाकडे परत येतो. तिसऱ्या भेटीत त्यांनी ट्रेसिंग पेपरवर कागद उतरवून घ्यायची परवानगी दिली. अट अशी की गावाचे आणि घराण्याचे नाव कुठेही यायचे नाही. म्हणून इथेही ते दिलेले नाही. वरचा भाग मी शेजारच्या शहरातल्या एका मौलानांना दाखवला, कारण त्यांचे फारसी चांगले आहे. खालचा भाग मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना दाखवला. फारसी भागात दर्ग्याच्या चिरागासाठी जमीन दिल्याचे होते. तेल कोणी आणि किती घालायचे ते त्यात नव्हते. मोडी भागात गावच्या तेल्याने दर जुम्मेरातीला द्यायच्या तेलाचे माप होते. सनाशी मौलाना अडले. फारसी लिहिणाऱ्याने नुक्ते दिले नव्हते, आणि नुक्त्यांवाचून 'सबा' आणि 'तिसा', म्हणजे सात आणि नऊ, एकसारखेच दिसतात. गुरुजींच्या मोडीत मात्र स्वच्छ 'सबा खमसैन व अलफ' होते, म्हणजे शुहूर सन १०५७, इसवी सन १६५६-५७.

मौलाना आणि गुरुजी एकमेकांना भेटलेले नाहीत. दोघांचे वाचन मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून खालांना नेऊन दिले. त्यांनी ते मूळ कागदाबरोबर त्याच कापडात गुंडाळले आणि विचारले, तेल्याच्या घरातले कोणी अजून गावात आहे का, त्यांच्याकडे याची जोडी असेल. मी अजून त्यांच्या घरी गेलेलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचे आहे.